उरलेल्यातून निवडलेले : ट्रॉम्बे–तारापूरच्या पृथक्करण विद्येची सहा दशके

२२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ट्रॉम्बेच्या प्लुटोनियम प्लँटचे उद्घाटन झाले. कारखाना त्याआधीच, १९६४ च्या मध्यापासून, चालू झाला होता. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन संस्थेचा इतिहास बहुधा या तारखेपासून सांगितला जातो आणि तो प्लुटोनियमचा इतिहास असतो. या स्मरणिकेत तोच इतिहास दुसऱ्या टोकाकडून सांगावा असे मला वाटते. युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर मागे एक आम्लयुक्त, स्वतःच्याच उष्णतेने तापत राहणारा, तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो. कारखान्यातली माणसे त्याला रॅफिनेट म्हणतात. त्या द्रवाचे पुढे काय केले, यावर संस्थेची खरी कसोटी लागली. तो टाक्यांत साठवला, सांभाळला, आणि त्यातून एकेक धातू निवडून काढण्याची विद्या हळूहळू कमावली. या कामाला प्रसिद्धी फारशी मिळाली नाही. ज्यांनी त्यात उमेदीची वर्षे घातली त्यांच्यासाठी तरी हा इतिहास सविस्तर लिहायला हवा.

सुरुवात होमी भाभांच्या एका हिशेबापासून करावी लागते. देशात युरेनियम थोडे. थोरियम मात्र केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत भरपूर. थोरियम आपले आपण अणुभट्टीत जळत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते, आणि ते मोठ्या प्रमाणावर व्हायचे तर आधी प्लुटोनियमचा साठा हाती हवा. प्लुटोनियम खाणीतून निघत नाही, ते युरेनियम जळताना त्याच्याच पोटात तयार होते. तेव्हा जळालेले इंधन विरघळवून त्यातून प्लुटोनियम काढणे हा भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमाचा कणा होता. अमेरिकेसारख्या देशांनी पुढे वीजभट्ट्यांचे इंधन एकदा वापरून तसेच ठेवायचे ठरवले. त्यांचा कचरा दांड्यांच्या रूपात घन राहिला. आपण पुनर्प्रक्रियेची वाट धरली आणि त्याच दिवशी द्रवरूप कचऱ्याची जबाबदारीही अंगावर घेतली. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. आणि विरघळवलेल्या इंधनातला प्रत्येक धातू रसायनशास्त्राच्या आवाक्यात येतो, हा त्या जबाबदारीतला फायदाही होता.

१९५५ साली जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष भाभाच होते. त्या काळात पुनर्प्रक्रियेच्या रसायनशास्त्राचा बराच भाग जगापुढे खुला झाला. १९५८ मध्ये ट्रॉम्बेत असा कारखाना उभारण्याचा निर्णय झाला. प्रकल्पाला ‘फिनिक्स’ नाव मिळाले आणि सूत्रे होमी सेठना यांच्याकडे गेली. सेठना मुंबईचे, शिक्षणाने रासायनिक अभियंते. केरळातल्या आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना त्यांनी आधी उभारला होता. दुर्मिळ मृदाधातू एकमेकांपासून सोडवण्याची कटकट त्यांना ठाऊक होती, आणि ती ओळख पुढे या संस्थेच्या पुष्कळ कामी आली. १९५७ मध्ये सुरू झालेल्या ट्रेनिंग स्कूलमधून बाहेर पडलेली विशी-पंचविशीतली मुले या कामावर लागली. १९६१ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि तीन वर्षांत कारखाना उभा राहिला.

या कारखान्यात नेमके काय घडत होते, ते थोडे उलगडून सांगतो, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. सायरस अणुभट्टीतून येणाऱ्या दांड्या नैसर्गिक युरेनियम धातूच्या, वर ॲल्युमिनियमचे आवरण. आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आवरण विरघळवायचे, मग उघडा पडलेला धातू नायट्रिक आम्लात. या द्रावणात जवळजवळ सगळे युरेनियमच असते. प्लुटोनियम आणि विखंडनातून जन्मलेले शेकडो किरणोत्सारी अणुप्रकार दोन्ही मिळून अगदी थोडे. पण त्या थोड्यामुळेच दीड-दीड मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती बांधाव्या लागतात. हे आम्लद्रावण ट्राय-ब्युटिल फॉस्फेट या सेंद्रिय द्रावकाच्या संपर्कात आणले, की युरेनियम आणि चार संयुजेचे प्लुटोनियम पाणी सोडून द्रावकात जातात. सिझियम, स्ट्रॉन्शियम, लँथेनाइड, अमेरिसियम असे बाकीचे मागे राहतात. मग प्लुटोनियमला एक इलेक्ट्रॉन देऊन तीनच्या संयुजेवर आणायचे. लगेच त्याला द्रावक नकोसा होतो आणि ते पाण्यात परतते, युरेनियम द्रावकातच राहते. हीच पुरेक्स पद्धत. उंच नळकांड्यांतून, म्हणजे पल्स कॉलममधून, दोन द्रव एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वाहत ठेवून हे सारे साधले जाते. डोळ्यांसमोर काहीही नसते. ऑपरेटर पलीकडच्या खोलीत घनता, पातळी आणि दाबाचे आकडे वाचून आतल्या द्रवाची स्थिती ओळखतो.

प्लुटोनियमला तो एक इलेक्ट्रॉन देण्यासाठी ट्रॉम्बेत फेरस सल्फामेट वापरत. जगभर तेव्हा हीच रीत होती. हे रसायन काम चोख करते, पण शेवटी त्याचे सल्फेट होते आणि ते रॅफिनेटमध्ये जाऊन बसते. त्या काळात याची कोणाला फारशी काळजी वाटली नसणार. सल्फेट हा काही किरणोत्सारी पदार्थ नाही. जवळजवळ चार दशकांनी, २००२ मध्ये ट्रॉम्बेचा कचरा काचेत बंदिस्त करण्याचा कारखाना सुरू झाला, त्या सुमारास हेच सल्फेट आडवे आले. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम विरघळते. जास्त झाले तर वितळलेल्या काचेवर त्याचा वेगळा पिवळट थर धरतो, आणि तो थर पाण्यात विरघळणारा असून सिझियमला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे ज्या धातूला कोंडायचे तोच मोकळा राहणार. ट्रॉम्बेच्या काच-रसायनतज्ज्ञांनी घटक बदलत जाऊन बेरियम घातलेली बोरोसिलिकेट काच तयार केली, जी सल्फेट सामावून घेते. तारापूरला प्लुटोनियमसाठी युरेनस नायट्रेट वापरल्यामुळे हा प्रश्न आला नाही. एका विभागाने आज निवडलेले रसायन चाळीस वर्षांनी दुसऱ्या विभागाच्या भट्टीत उतरते, हे संस्थेच्या नव्या लोकांना शिकवावे असे प्रकरण आहे. पुनर्प्रक्रिया आणि कचरा-व्यवस्थापन ही दोन खाती मानू नयेत, हा विचार पुढे संस्थेत रुजला, त्यामागे असे अनुभव आहेत.

टाक्यांबद्दलही लिहायला हवे. अमेरिकेत हॅनफर्ड येथे महायुद्धाच्या घाईत आम्लयुक्त कचऱ्यात अल्कली घालून तो साध्या पोलादाच्या टाक्यांत भरला गेला. अशा १७७ टाक्या तिथे आहेत. त्यांतल्या कित्येक गळल्या. शिवाय अल्कलीमुळे धातूंचा साका तळाशी बसला, त्यातून काही वेगळे काढणे अतिशय कठीण झाले. ट्रॉम्बेने उच्च पातळीचा कचरा आम्लातच ठेवला आणि त्यासाठी महागडे स्टेनलेस स्टील वापरले. जमिनीखाली काँक्रीटच्या कोठड्या, आत टाक्या, थंड करण्याच्या नळ्या, गळती कळवणारी यंत्रणा, आणि एखादी टाकी बिघडली तर द्रव हलवायला दुसरी रिकामी टाकी. पंप आत बसवत नाहीत. बिघडला तर दुरुस्तीला आत कोण जाणार? द्रव वाफेच्या किंवा हवेच्या झोताने खेचून हलवला जातो. टाकीच्या प्रत्येक वेल्डची क्ष-किरणांनी तपासणी होते, कारण एकदा टाकी भरली की तो सांधा पुन्हा माणसाच्या नजरेस पडत नाही. एका गरीब देशाने साठच्या दशकात हा खर्च केला, म्हणूनच धातू विरघळलेल्या स्थितीत राहिले आणि पुढच्या पिढीला निवडता आले. माझ्या मते संस्थेच्या संस्थापकांचा हा निर्णय कारखाना उभारण्याइतकाच मोलाचा आहे.

प्लुटोनियमची कथा मी थोडक्यात आटोपतो. १९७२ मध्ये ट्रॉम्बेत पूर्णिमा ही प्लुटोनियम इंधनावरची छोटी अणुभट्टी चालू झाली. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीतले प्लुटोनियमही सायरसच्या इंधनातून, याच कारखान्यात वेगळे केलेले होते. त्या चाचणीनंतर परदेशी मदतीची दारे बंद झाली, हेही याच इतिहासाचा भाग आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. जवळपास त्याच सुमारास, दशकभर आम्ल आणि किरणोत्सार झेलून गंजलेला कारखाना बंद करण्यात आला. आतली जुनी उपकरणे धुऊन, कापून बाहेर काढली, क्षमता वाढवली आणि ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात तो पुन्हा सुरू झाला. किरणोत्सारी कारखाना उलगडून पुन्हा उभा करण्याचा देशातला हा पहिलाच अनुभव होता. पुढे ध्रुव अणुभट्टीचे इंधनही येथेच आले.

दरम्यान तारापूर उभे राहत होते. १९६९ मध्ये तिथे देशातले पहिले अणुवीज केंद्र चालू झाले आणि सत्तरच्या दशकात शेजारीच वीजभट्ट्यांच्या इंधनासाठी पुनर्प्रक्रिया कारखाना, प्रेफ्रे, उभारला गेला. तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या भट्ट्यांमधले इंधन त्यात जाईल अशी मूळ कल्पना होती. पण १९६३ च्या करारानुसार त्यासाठी अमेरिकेची संमती लागे आणि ती मिळाली नाही. ते इंधन आजही साठवणुकीत आहे. प्रेफ्रेमध्ये राजस्थानच्या जडपाणी भट्ट्यांचे इंधन आले. इथे आवरण झिरकोनियमच्या मिश्रधातूचे, त्यामुळे ते विरघळवण्याऐवजी दांड्यांचे तुकडे करून आतला ऑक्साइडच आम्लात विरघळवायचा. ७ जानेवारी २०११ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तारापूरच्या दुसऱ्या प्रेफ्रेचे उद्घाटन केले. मधल्या काळात कल्पाक्कमलाही असाच कारखाना झाला होता. तारापूरचे नाव घेताना एक गोष्ट राहून जाते. तिसऱ्या आणि चौथ्या वीजभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांची जमीन पुनर्प्रक्रियेसाठी गेली नाही हे खरे. पण या किनाऱ्यावरच्या अणुउद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या गावांची नावे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१९८५ च्या सुमारास तारापूरला कचरा काचेत बांधण्याचा पहिला कारखाना सुरू झाला. द्रव कचरा आटवून, त्यात काचेचे घटक मिसळून, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवायचा आणि स्टेनलेस स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये ओतायचा. पुढे याच ठिकाणी धातूच्या भांड्याऐवजी सिरॅमिकची मोठी भट्टी आली, जिच्यात वितळलेल्या काचेतूनच विद्युतप्रवाह नेऊन ती तापवली जाते. थंड झालेले कॅनिस्टर तारापूरच्याच भूमिगत साठवणघरात जातात. तिथे पंखे नाहीत. उंच चिमणीमुळे हवा आपोआप खालून आत येते आणि तापून वर जाते. वीज गेली तरी कॅनिस्टर थंड होत राहतात.

काच हे उत्तम उत्तर असले तरी अपुरे आहे, आणि ते का, हे हिशेबाने पाहू. कचऱ्यातली सुरुवातीची बहुतेक उष्णता सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची असते. दोघांचे अर्धायुष्य साधारण तीस वर्षे. दहा अर्धायुष्ये, म्हणजे तीनशे वर्षे गेली, की हजारातला एक भाग उरतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या इमारती आपण आजही वापरतो. एवढा काळ सांभाळणे माणसाच्या आवाक्यातले आहे. अडचण आहे ती अमेरिसियम-२४१ (अर्धायुष्य सुमारे ४३० वर्षे), अमेरिसियम-२४३ (सुमारे साडेसात हजार वर्षे) आणि नेप्च्युनियम-२३७ (एकवीस लाख वर्षांहून अधिक) यांची. वजनाने हे अगदी किरकोळ, पण काचेच्या विषारीपणाची मुदत तेच शतकांवरून सहस्रकांवर नेतात. म्हणून दोन वेगळ्या कारणांनी दोन वेगळ्या निवडी कराव्या लागतात: उष्ण धातू निवडायचे ते जागा वाचवण्यासाठी आणि उपयोगासाठी, दीर्घायुषी धातू निवडायचे ते काळ कमी करण्यासाठी.

पहिली निवड ट्रॉम्बेने जुन्या टाक्यांतल्या कचऱ्यावर केली. त्यात सोडियम आणि सल्फेट भरपूर, सिझियम त्या मानाने नगण्य. सगळेच काचेत घालायचे तर कॅनिस्टरची संख्या फार वाढते. सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि उरलेसुरले युरेनियम आधी काढले तर मागे राहिलेल्या बहुतांश द्रवाची पातळी इतकी खाली येते, की त्याची विल्हेवाट सोप्या मार्गाने लावता येते. प्रश्न एवढाच की सोडियम आणि सिझियम आवर्तसारणीच्या एकाच कुटुंबातले, वागायला सारखेच. इथे कॅलिक्स-क्राउन नावाचा रेणू उपयोगी पडला. त्याच्या पोटात ऑक्सिजन अणूंचे कडे असते आणि त्या पोकळीचे माप सिझियमच्या आयनाला बरोबर बसते. सोडियमचा आयन लहान. तो तिथे धरला जात नाही. त्यामुळे सोडियमपेक्षा सिझियमची निवड हजारो पटींनी अधिक होते. हा रेणू युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतही अभ्यासला गेला आहे. अमेरिकेत सव्हाना रिव्हर येथे त्याच कुळातला एक रेणू वापरतात. ट्रॉम्बेने तो देशातच तयार करून, खऱ्या कचऱ्यावर, कारखान्याच्या प्रमाणावर चालवला. पकडलेले सिझियम नंतर जवळजवळ साध्या पाण्याने सोडवून घेता येते, ही त्यातली सर्वांत सोयीची बाब.

या सिझियमचे पुढे काय झाले ते सांगताना मला मनापासून समाधान वाटते. ते खास काचेत मिसळून स्टीलच्या बारीक नळ्यांत, म्हणजे ‘पेन्सिलीं’त, बंद करतात आणि या पेन्सिली रक्तपेढ्यांच्या इरॅडिएटरमध्ये बसतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला, उदाहरणार्थ अस्थिमज्जा बदललेल्या मुलाला, दुसऱ्याचे रक्त द्यायचे तर त्यातल्या जिवंत लिम्फोसाइट पेशी त्या रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. रक्ताला साधारण २५ ग्रे मात्रा दिली की त्या पेशी वाढू शकत नाहीत आणि बाकीचे रक्त वापरण्याजोगे राहते. पूर्वी यासाठी आपल्याकडे कोबाल्ट-६० असे. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, म्हणजे उगम वरचेवर बदलायचा. सिझियमचा उगम कितीतरी जास्त टिकतो. यंत्रे वाशीच्या ब्रिट या संस्थेमार्फत पोचतात.

काचेची पेन्सिल हीच का, याचे उत्तर ब्राझीलमध्ये आहे. तिथे आणि इतरत्र सिझियम क्लोराइडची भुकटी वापरत असत. १९८७ च्या सप्टेंबरात गोइयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातला असा उगम भंगारवाल्यांच्या हाती लागून फुटला. अंधारात निळी चमकणारी ती भुकटी लोकांनी घरोघरी नेली, अंगाला लावली. चार जण मरण पावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि एका वस्तीची माती उकरून काढावी लागली. क्लोराइड पाण्यात विरघळते, हाताला चिकटते. काच तसे करत नाही. कचरा कोंडण्यासाठी शिकलेले काचेचे शास्त्र इथे औषधोपचाराच्या सुरक्षिततेसाठी कामी आले.

रुथेनियम-१०६ चेही तसेच. त्याचे अर्धायुष्य वर्षभराचे, म्हणून ते ताज्या कचऱ्यातूनच काढावे लागते. ते चांदीच्या छोट्या वाटीसारख्या पातळ पट्टीवर बसवून डोळ्याच्या कर्करोगात बुबुळाला लागून काही काळ ठेवतात. लहान मुलांमधल्या रेटिनोब्लास्टोमातही त्याचा उपयोग होतो. बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात, डोळा वाचवण्याची शक्यता वाढते. या पट्ट्या पूर्वी परदेशातून येत. स्ट्रॉन्शियम-९० पासून यिट्रियम-९० मिळवण्याचे काम आणखी नाजूक आहे. यिट्रियमचे अर्धायुष्य ६४ तास, ते यकृताच्या कर्करोगात आणि सांध्यांच्या विकारात वापरतात. पण त्यात स्ट्रॉन्शियमचा अंशही चालत नाही, कारण स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊन बसते. ट्रॉम्बेच्या रसायनतज्ज्ञांनी यासाठी द्रावक भिनवलेल्या पातळ पडद्यांची दोन टप्प्यांची पद्धत बसवली. पहिला पडदा यिट्रियम आत घेतो आणि स्ट्रॉन्शियम अडवतो, दुसरा ते आणखी शुद्ध करतो.

आता दुसरी आणि सर्वांत अवघड निवड. पुरेक्सनंतरच्या रॅफिनेटमध्ये अमेरिसियम, क्युरियम आणि त्यांच्या कितीतरी पट लँथेनाइड असतात. सगळ्यांची संयुजा तीन, आयनांचे आकारमान जवळजवळ सारखे. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या तांदळातून एका विशिष्ट वाणाचे दाणे वेचावेत, तसे हे काम. आणि ते करणे भागच आहे, कारण लँथेनाइड न्यूट्रॉन हावरटपणे शोषतात. ते अमेरिसियमसोबत भट्टीत गेले तर अमेरिसियम जाळण्यासाठी न्यूट्रॉन उरत नाहीत.

तारापूरला २०१३ च्या सुमारास यासाठी ॲक्टिनाइड पृथक्करणाचा प्रात्यक्षिक कारखाना सिद्ध झाला. त्याचे काम तीन फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत नेहमीचा ट्राय-ब्युटिल फॉस्फेट राहिलेले युरेनियम-प्लुटोनियम उचलतो. दुसऱ्या फेरीत डायग्लायकोलामाइड कुळातला द्रावक, संस्थेत ज्याला टीईएचडीजीए म्हणतात, तो ॲक्टिनाइड आणि लँथेनाइड एकत्र उचलून सिझियम-स्ट्रॉन्शियमपासून दूर करतो. या कुळाचा पाया जपानी संशोधकांनी घातला. आपल्याकडे जो प्रकार निवडला तो देशातच सहज बनवता येतो, कचऱ्याच्या मूळ आम्लतेतच काम करतो, आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन एवढ्याच मूलद्रव्यांचा असल्याने निकामी झाल्यावर जाळून टाकता येतो. मागे फॉस्फेटची राख राहत नाही. कचरा सोडवताना नवा कचरा निर्माण करायचा नाही, ही शिस्त त्या निवडीत आहे.

तिसऱ्या फेरीत खरे वेचणे होते. मूळ कल्पना साठच्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत निघाली. एका बाजूला सेंद्रिय द्रावक डी-टू-ईएचपीए, तो लँथेनाइडना ओढतो. दुसऱ्या बाजूला पाण्यात डीटीपीए, नायट्रोजन अणू असलेला रेणू, तो ॲक्टिनाइडना धरून ठेवतो. ॲक्टिनाइडच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनकक्षा लँथेनाइडच्या तुलनेत किंचित जास्त पसरलेल्या असतात, म्हणून नायट्रोजनशी त्यांचे बंध थोडेसे अधिक घट्ट होतात. त्या ‘थोडेसे’वर सगळा कारखाना उभा आहे. (हाच डीटीपीए अपघाताने प्लुटोनियम किंवा अमेरिसियम शरीरात गेलेल्या कामगाराला शिरेतून देतात, तिथेही तो हेच करतो, धातूला धरून लघवीवाटे बाहेर नेतो.) एका टप्प्यात मिळणारा फरक अपुरा असतो, म्हणून तेच मिसळणे आणि निवळणे पुन्हापुन्हा, टप्प्याटप्प्याने करावे लागते. त्यासाठीचे मिक्सर-सेटलर हवेच्या दाबावर चालतात; आत फिरणारा एकही भाग नाही. आधी किरणोत्सार नसलेल्या, हुबेहूब बनवलेल्या द्रावणावर कोल्ड रन, मग खऱ्या कचऱ्यावर हॉट रन, हा क्रम इथेही पाळला गेला. फ्रान्समधल्या मार्कूल, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथील प्रयोगशाळांनी या शास्त्रात फार मोलाची भर घातली आहे. प्रयोगशाळेच्या हॉट सेलमधून बाहेर पडून अभियांत्रिकी प्रमाणावर, खऱ्या कचऱ्यावर हे साधणाऱ्या मोजक्या ठिकाणांत तारापूर आहे.

मात्र इथे अभिमानाला थोडा लगाम घालायला हवा. वेगळे काढलेले अमेरिसियम म्हणजे अजून संपलेले अमेरिसियम नव्हे. ते जाळायला वेगवान न्यूट्रॉनची भट्टी लागते. कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर भट्टीचा गाभा भरण्याचे काम ४ मार्च २०२४ रोजी सुरू झाले. अशा भट्ट्यांचा ताफा उभा राहून त्यांत अमेरिसियम नियमित जाळले जाईल त्याला वेळ आहे. जगात कुठेही हे औद्योगिक प्रमाणावर झालेले नाही. खोल खडकातले कायमचे साठवणघरही आपल्याकडे अजून नाही. इंधन उशिरा विरघळवले तर अडचण वाढतेच, कारण प्लुटोनियम-२४१ चौदा वर्षांच्या अर्धायुष्याने अमेरिसियम-२४१ मध्ये बदलत राहते; जुन्या इंधनात अमेरिसियम जास्त निघते. वेगळे करणारा विभाग आणि जाळणारा विभाग यांचे वेळापत्रक जुळले नाही, तर तारापूरच्या कारखान्याचे निम्मे श्रेय वाया जाईल. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढच्या वीस वर्षांत निर्णय घेणाऱ्यांनी हे वाचावे अशी इच्छा आहे.

माणसांविषयी स्वतंत्र लिहायचे तर एक पुस्तक लागेल. शेखर बसू यांच्यासारखे अभियंते या साखळीत वाढले. तारापूर आणि कल्पाक्कमचे कारखाने उभारण्यात त्यांचा वाटा मोठा, पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २०२० मध्ये कोविडने गेले. पण रॅफिनेटची पातळी रात्रपाळीत दर तासाला लिहून ठेवणारे, शिसे मिसळलेल्या जाड काचेपलीकडे मॅनिप्युलेटरच्या हातांनी नमुना घेणारे, टाक्यांचे सांधे जोडणारे वेल्डर, छातीवर टीएलडीचा बिल्ला लावून आत जाणाऱ्यांची मात्रा मोजणारे हेल्थ फिजिक्सचे कर्मचारी यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नसतात. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये असा नियम आहे. तो कागदावर न राहता पाळला गेला, तो याच लोकांच्या रोजच्या शिस्तीमुळे. अणुशक्तीनगरमध्ये आणि बोईसर-तारापूरच्या वसाहतींत अशा कुटुंबांची आता तिसरी पिढी आहे.

पुढचे काम ठरलेले आहे. तारापूरला एकात्मिक कारखाना उभारला जात आहे. इंधन विरघळवणे, धातू वेगळे करणे आणि उरलेले काचेत घालणे, या तिन्हींचा आराखडा तिथे एकत्रच केलेला आहे. २ जानेवारी २०२४ रोजी कल्पाक्कमचा वेगवान भट्ट्यांच्या इंधनासाठीचा पुनर्प्रक्रिया कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. तिथले इंधन अधिक जळालेले, म्हणून रॅफिनेटही अधिक उष्ण आणि विखंडनातून आलेल्या धातूंनी अधिक भरलेले असणार. ट्रॉम्बेत जडपाणी भट्ट्यांत जळालेल्या थोरियमवर प्रक्रिया करून युरेनियम-२३३ काढण्याची सोय गेल्या दशकात झाली. त्यात युरेनियम-२३२ मिसळलेले असते, आणि त्याच्या वंशजांतल्या थॅलियम-२०८ चे गॅमा किरण इतके भेदक, की शुद्ध केलेले इंधनही जाड भिंतीमागेच हाताळावे लागते. थोरियमच्या कचऱ्यात अमेरिसियम फारसे नसते. त्याच्या जागी प्रोटॅक्टिनियम-२३१ येते, अर्धायुष्य सुमारे तेहेतीस हजार वर्षे, आणि हा धातू काचेच्या, स्टीलच्या पृष्ठभागांना चिकटून बसण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याच्यासाठी लागणारे द्रावक, पडदे आणि रेझिन यांची तयारी आजच्या ट्रेनिंग स्कूलमधल्या मुलामुलींनी हाती घ्यायची आहे.